सीआयएच्या अतींद्रिय प्रयोगांना खुद्द संख्याशास्त्रज्ञ बाईंनी खरं म्हटलं, तरी विज्ञान ते का मानत नाही?

प्रश्न वाचला आणि पहिली शंका आली ती अशी की हा आमच्या दादानेच नाव बदलून टाकलाय. कारण हेच वाक्य, 'जेसिका उट्स या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी सीआयएला लिहून दिलंय की अतींद्रिय शक्ती सिद्ध झालीय', त्याने गेल्या श्रावणात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं. खाली दोन शब्द: "आता बोल." ते कुणासाठी होतं हे ग्रुपवरच्या सगळ्या एकवीस जणांना कळलं. वहिनींनी लगेच शुभ सकाळचं फूल टाकून विषय झाकला, म्हणून मी तिथे बोललो नाही. इथे बोलतो.

उट्सबाई तसं म्हणाल्या का? म्हणाल्या. पण परीक्षक दोन होते, आणि दादाने (बहुधा तुम्हीही) एकच वाचलाय.

1972 पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग या दोन लेसरवाल्या भौतिकशास्त्रज्ञांनी सरकारी पैशावर दूरची जागा नुसती मनाने बघण्याचे हे प्रयोग चालू केले. पुढे लष्कराने फोर्ट मीड या आपल्या तळावर आपली माणसं बसवली. नावं बदलत गेली: ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक, शेवटी स्टार गेट. वीसेक वर्षांत सुमारे 2 कोटी डॉलर. बंद खोलीत बसलेल्या माणसाने दूरच्या जागेचं वर्णन करायचं, चित्र काढायचं. त्याला रिमोट व्ह्यूइंग म्हणतात. मराठीत दूरदर्शन म्हणायची सोय नाही, भलतंच बोधचिन्ह डोळ्यांपुढे फिरायला लागतं.

1995 मध्ये सीआयएने या सगळ्याचं मूल्यमापन अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्चकडे दिलं. त्यांनी प्रयोगशाळेतले निकाल तपासायला दोघांना बसवलं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उट्स आणि ओरेगॉनचे मानसशास्त्रज्ञ रे हायमन. उट्स म्हणाल्या, इतर शास्त्रांना लावतो तेच निकष लावले तर हे सिद्ध झालंय. हायमन म्हणाले, आकडे योगायोगापेक्षा वर आहेत हे कबूल, नव्या प्रयोगांत मला ठळक चूक दाखवता येत नाही हेही कबूल, पण आकडा वर गेला म्हणजे अतींद्रिय शक्तीच कारण, असं होत नाही. आणि त्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं. काढलेलं चित्र पाच छायाचित्रांपैकी कशाशी जास्त जुळतं हे ठरवणारा माणूस प्रत्येक वेळी एकच, आणि तो प्रकल्पाचा प्रमुखच. खरं छायाचित्र कोणतं हे त्याला माहीत नसायचं, हे खरं. तरी जुळणी करणारा एकटा तोच.

इथे मी थांबतो, कारण मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीत सव्वीस वर्षं काढली आहेत. ज्याने माल काढला त्याने पास करायचा नाही, एवढा एक नियम मी आयुष्यात शिकलो. आणि तो आमच्या शेतात मोडला गेला, त्याचीच ही सगळी जळजळ आहे.

2013 चा उन्हाळा. अंबड तालुक्यातल्या माणसाला एवढं वर्ष सांगितलं की पुरे. आमची अडीच एकर मोसंबी. विहिरीच्या तळाला गाळ, टँकरला नंबर लागत नव्हता, झाडांची पानं दुपारी सुरळी करून बसायची. आप्पा संध्याकाळी बागेत जायचे आणि काही न बोलता परत यायचे. दादाने पाणाड्या आणला. पायाळू माणूस, ओ पॉझिटिव्ह रक्तगट (हे आमच्याकडे फार बघतात), वागायला साधा, पाणी लागल्याशिवाय पैसे न घेणारा. तो लबाड होता असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचा. नारळ उभा राहिला की तिथे दगड.

मी सुट्टी काढून गेलो होतो. खिशात वही असायचीच, सवय. तो म्हणेल ते लिहीत गेलो. पहिली खूण बांधावरच्या लिंबाजवळ: दोन झरे, एकशे ऐंशी फुटांवर, तीन इंची पाणी. दुसरी विहिरीच्या खालच्या अंगाला: एकशे पन्नासवर, गोडं पाणी, तीन इंची. तिसरी रस्त्याकडेला, तिथे तो स्वतःच म्हणाला की जरा कमी आहे.

मग मला बुद्धी सुचली. संध्याकाळी दगड उचलून ठेवले, त्याच्या डोळ्यांवर आप्पांचा टॉवेल बांधला आणि म्हटलं, बाबा, पुन्हा एकदा चाला. बिचारा चाललाही. नारळ पुन्हा तीन ठिकाणी उभा राहिला. सकाळच्या एकाही जागी नाही. सगळ्यात जवळची जागा साठ पावलांवर होती.

दादा जो काही भडकला! दारी आलेल्या माणसाचा अपमान केलास म्हणाला. पाणाड्या चहा न घेता गेला. दोन दिवसांनी बोअरची गाडी आली, तमिळनाडूची. लिंबाजवळ लावली. तीनशे वीस फुटांपर्यंत नुसता फुफाटा. अख्खं गाव बांधावर उभं, सगळ्यांची डोकी पांढरी. पाणाड्याला फोन लावला तर म्हणाला, गाडी दोन हात इकडं लागली. आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्याने परीक्षा घेतली, म्हणून आटलं." माझ्या शंकेने खडकातलं पाणी आटलं! मी काय बोलणार?

दुसरी बोअर विहिरीखाली घेतली. दोनशे पासष्टला पाणी लागलं, जेमतेम एक इंची. पण लागलं. दादा रडला, मीही रडलो, नारळ फुटला, पेढे वाटले. आणि जेवायला बसल्यावर दादा म्हणाला, "बघ, अडीचशेला सांगितलं होतं ना त्याने."

मी वही काढली. एकशे पन्नास, तीन इंची. दादाने वहीकडे बघितलंसुद्धा नाही. "तुला पाहिजे ते लिहिलंस तू."

आता हे घेऊन परत अमेरिकेत चला. न्यूझीलंडचे डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी पुटहॉफ-टार्गचे मूळ कागद उकरले. पॅट प्राइस नावाच्या माजी पोलीस अधिकाऱ्यावरच्या मालिकेत परीक्षकाने नऊपैकी सात जागा प्राइसच्या वर्णनांशी बिनचूक जुळवल्या होत्या, त्याचा फार बोलबाला होता. या दोघांना दिसलं की टिपणांतच खुणा राहून गेल्यात. कुठे कालच्या जागांचा उल्लेख, कुठे आजची ही दुसरी जागा असं काहीतरी. जागांची यादी क्रमाने हातात असली की त्या खुणांवरूनच जोड्या लागत. मार्क्सने त्या जागा न बघताच जोड्या लावून दाखवल्या. 1978 मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं, ज्या 'नेचर'ने 1974 मध्ये मूळ लेख छापला होता त्याच. त्यांनी स्वतः पस्तीस प्रयोग केले, काही हाती लागलं नाही. मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही की त्यांच्या प्रयोगातल्या माणसांना नंतर खरी जागा दाखवली की ती म्हणायची, हो, हेच तर दिसलं होतं! खोटं बोलत नव्हती. दादाही खोटं बोलत नव्हता. पाणी दोनशे पासष्टला लागलं त्या क्षणी त्याच्या डोक्यात पाणाड्याचं एकशे पन्नास खाली घसरत अडीचशेवर गेलं.

प्राइसचीच दुसरी गोष्ट. 1974 मध्ये त्याने सोव्हिएत सेमिपालातिन्स्कजवळच्या एका गुप्त ठिकाणची भलीमोठी क्रेन काढली, आणि तशी क्रेन तिथे खरोखर होती. ही क्रेन दादाने मला तीनदा पाठवलीय. त्याच बैठकीत प्राइसने सांगितलेलं बाकीचं बरंचसं चुकलं होतं, ते कुणी पाठवत नाही. आमच्या गावात लागलेल्या बोअरवर मोटर बसते, न लागलेल्या बोअरवर दगड ठेवतात आणि त्यावरून गाडीबैल जातात. पुढच्या पिढीला मोटरच दिसणार.

अहवालाचा दुसरा भाग तर उट्सबाईंच्या अखत्यारीतलाच नव्हता. हेरगिरीत हे कामाला आलं का? मूल्यमापन करणाऱ्यांनी माहिती वापरणाऱ्या खात्यांना विचारलं. उत्तर: वर्णनं मोघम, आणि एकाही प्रकरणात त्यांच्या आधारावर कारवाई झालेली नाही. काही वेळा तर आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींशी जुळावं म्हणून अहवालांत फेरफार झाल्याचं आतल्याच लोकांनी सांगितलं. 1995 मध्येच दुकान बंद झालं. वीस वर्षांत एक तरी मोटर बसली असती तर बंद केलं असतं का?

दादाला कॅलिफोर्नियाचं पटत नाही, म्हणून त्याच्यासाठी खास पाण्यातलं उदाहरण शोधलं. जर्मन सरकारने 1980 च्या दशकाच्या शेवटी सुमारे 4 लाख मार्क घालून म्युनिकजवळ एका गोदामात पाणाड्यांचीच परीक्षा घेतली. खालच्या मजल्यावर गाड्यावर पाण्याचा पाइप, तो 10 मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवायचा. वरच्या मजल्यावर पाणाड्याने जागा सांगायची. पाचेकशे लोकांतून 43 निवडले, 843 वेळा परीक्षा झाली. प्रयोग करणारेच म्हणाले की 37 जणांत काही दम नाही, पण सहा जण अस्सल. हे सहा जण दादाचे लाडके. मग अमेरिकेतल्या जिम एनराइट या प्राध्यापकाने तेच आकडे मांडून बघितले. सगळ्यात भारी पाणाडी, आणि दर वेळी डोळे मिटून रेषेच्या मधोमध बोट ठेवणारा माणूस, यांच्यात सरासरी फरक 4 मिलिमीटर. दहा मीटरमध्ये. आमची गाडी दोन हात इकडे लागली होती म्हणे!

त्या जर्मन गटातल्याच हान्स-डीटर बेट्झने पुढे श्रीलंकेतल्या 691 विहिरींत 96 टक्के यश आल्याचं लिहिलं. तेही ग्रुपवर आलंय. पण शेजारीच 691 बोअर कुणी डोळे मिटून घेतल्या का? महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा आहे. त्यात पाणी भेगांत, मुरमात आणि लाव्हाच्या दोन थरांमधल्या फटीत असतं. पुरेसं खोल गेलं तर बऱ्याच ठिकाणी ओल तरी लागतेच. पाणाड्याशिवाय किती ठिकाणी लागतं हे मोजल्याशिवाय पाणाड्यामुळे लागलं हे वाक्यच अर्धवट आहे. पुण्यात नारळीकर, दाभोलकर आणि मंडळींनी ज्योतिषाची अशी नीट चाचणी घेतली होती, 2009 मध्ये छापून आली. 27 ज्योतिषी, प्रत्येकाला 40 कुंडल्या, हुशार मूल की मतिमंद एवढंच सांगायचं. सरासरी 17 च्या आसपास बरोबर. नाणं उडवलं असतं तर 20 आले असते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: उट्सबाई मूर्ख नाहीत, पुढे 2016 मध्ये त्या अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी आधी याच प्रकल्पाच्या लोकांबरोबर काम केलं होतं हे मात्र लक्षात ठेवा. आकडा थोडा वर आहे, एवढं दोघांनाही मान्य होतं. कशामुळे वर आहे यावर भांडण आहे, आणि ते मिटवायला तिऱ्हाईताने, वेगळ्या परीक्षकाने, वेगळ्या जागी तेच काढून दाखवावं लागतं. त्याशिवाय पास शिक्का नाही. आमच्या कारखान्यात नटबोल्टलाही नाही मिळत.

आता माझ्या बाजूची अडचणीची गोष्ट, नाहीतर दादा इथे येऊन लिहील. टॉवेलवाली परीक्षा एकदाच घेतली होती, एकदाच्या परीक्षेला मी कारखान्यात विचारलं नसतं. वहीवर पाणाड्याची किंवा कुणा तिसऱ्याची सही नव्हती, म्हणजे दादाचं 'तुला पाहिजे ते लिहिलंस' हे शास्त्राच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. माझ्या मालाला मीच पास केलं होतं. आणि 2016 मध्ये जमिनीचा विद्युतरोध मोजून पाणी शोधणारा यंत्रवाला मी आणला होता, माझ्या हट्टाने. त्याच्या जागी चारशे फूट कोरडं निघालं. हे दादाने ग्रुपवर आजवर एकदाही काढलं नाही.

तरी सांगतो. पाणाडी आणा, तुमचा पैसा. पण खोली आणि इंच कागदावर लिहून घ्या, त्याची सही घ्या, कागद पाकिटात घालून गावातल्या अशा माणसाकडे द्या ज्याला तुमच्या पाण्याचं काही पडलेलं नाही. शेजारी तुमच्या नातवाला एक दगड मनाला येईल तिथे ठेवायला सांगा. मग फोडा पाकीट.

परवा दादाचा फोन आला होता. बोअर यंदा गुढीपाडव्यालाच फेस टाकायला लागली, येत्या रविवारी नवा पाणाड्या येतोय. म्हणाला, ये, वही आण, सही पण घेऊ त्याची. टॉवेल मात्र घरी ठेवून ये.