बॅलन्स्ड केबलमधील भुणभुण जाड जाळीमुळे थांबते का?

बॅलन्स्ड केबल, म्हणजे सिग्नलच्या दोन तारा आणि त्यांभोवती धातूची जाळी असलेली केबल, जाळीमुळे भुणभुण रोखते का, आणि घरच्या रेकॉर्डिंगसाठी ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे.

खानापूर तालुक्यातील एका गावच्या यात्रेत नाटकाची ध्वनिव्यवस्था माझ्याकडे होती. दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारे डिमर सुरू होताच एकाच माइकवर भुणभुण ऐकू येऊ लागली. बाकीच्या माइकच्या केबल त्याच वाटेने, त्याच वायरींना लागून आल्या असूनही स्वच्छ होत्या. जनरेटरवाल्याने मिक्सरची अर्थिंग तोडायला सांगितले, तर माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याने जाड जाळीची नवी केबल ओढण्याचा आग्रह धरला. अर्थिंग तोडणे हा नटाच्या जिवाशी खेळ आहे, कारण धातूचा माइक त्याच्या हातात असतो. मी केबलचा कनेक्टर उघडला, तेव्हा माइककडच्या टोकाला कोणीतरी ३ क्रमांकाची, म्हणजे दुसऱ्या तारेची, पिन १ क्रमांकाच्या, म्हणजे जाळीच्या, पिनला जोडलेली आढळली. त्या जोडणीतही आवाज पूर्ण येत असल्याने आजवर कोणाला शंका आली नव्हती. तो जोड सोडवताच भुणभुण थांबली.

मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट दोन तारांमधील फरकच पुढे पाठवतो, त्यामुळे बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांत सारखा शिरला तरच तो वजा होतो. आणि तो सारखा शिरण्यासाठी दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, समान असावा लागतो. यात्रेतल्या त्या केबलमध्ये एक तार जाळीला जोडल्याने हीच समानता मोडली होती. तारांना पीळ असतो तोही याचसाठी. दुसऱ्या तारेत पहिल्या तारेच्या उलटा सिग्नल असलाच पाहिजे, ही अट मुळीच नाही.

माझ्या सहकाऱ्याला हे आजही पटत नाही. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने पीळ दिलेल्या जोडतारेचे पेटंट १८८१ मध्ये घेतले, आणि त्यानंतर टेलिफोनच्या जोड्या, प्रत्येक जोडीला स्वतंत्र जाळी नसतानाही, एक्स्चेंजपासून कित्येक किलोमीटर विजेच्या तारांच्या शेजारून स्पष्ट बोलणे पोहोचवत आल्या. जाळीच सर्व काही असती, तर हे शक्य झाले नसते.

अर्थात जाळी निरुपयोगी नाही. मोबाइलसारख्या उच्च वारंवारितेच्या उपद्रवासाठी ती हवी, आणि काही माइकना केबलमधूनच दिल्या जाणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेचा, म्हणजे फँटम पॉवरचा, परतीचा मार्गही तीच असते. घरी दोन-तीन मीटरवरच्या गिटारला साधी, म्हणजे बॅलन्स्ड नसलेली, केबल पुरते. अंतर वाढले तर गिटारचा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारा डीआय बॉक्स घ्यावा. माइकला मात्र बॅलन्स्ड केबलच वापरावी, आणि महागडी जाळी विकत घेण्यापूर्वी जुनी केबल दोन्ही टोकांना सोडवून मल्टिमीटर लावून पाहावा: १ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमध्ये बीप वाजता कामा नये.