बस कुठून जाते ते बघितलं, पण किती वेळाने येते?

मागच्या अंकात आम्ही वाचकांना विचारलं होतं की तुमच्या वस्तीतली बस आणि मेट्रो याबद्दल काय प्रश्न आहेत ते पाठवा. बरीच पत्रं आली आणि वाचताना जाणवलं की जवळजवळ प्रत्येकाने नकाशा बघितलाय, रूट नंबर पाठ आहेत, पण वेळापत्रक फार थोड्यांनी बघितलंय. म्हणून यावेळी उत्तरं थोडी आकडेमोड करत देते, कंटाळा करू नका, साधी बेरीज वजाबाकीच आहे.

प्रश्न : भाड्याचं घर बघतोय. जाहिरातीत लिहिलंय की मेट्रो स्टेशन ५०० मीटरवर. मी चालत गेलो तर १४ मिनिटं लागली आणि मी काही हळू चालत नाही. मग हे ५०० मीटर आले कुठून?

ते आले नकाशावर पट्टी ठेवून. घरापासून स्टेशनपर्यंत सरळ रेघ मारली की ५०० मीटर भरतात, पण आपण काही कावळे नाही ना, आपल्याला रस्त्याने जावं लागतं. साधारण माणूस मिनिटाला ८० मीटर चालतो, म्हणजे तुमची १४ मिनिटं म्हणजे जवळपास ११०० मीटर झाले, दुपटीहून जास्त. मध्ये कुठेतरी लांबलचक कंपाउंड वॉल असेल, नाला असेल, रेल्वेचे रूळ असतील किंवा मोठा रस्ता असेल जो फक्त सिग्नललाच ओलांडता येतो. हे चारच व्हिलन असतात बहुतेक ठिकाणी.

बस स्टॉपसाठी ४०० मीटर आणि मेट्रोसाठी ८०० मीटर, म्हणजे पाच आणि दहा मिनिटं, एवढं लोक चालतात असं धरून प्लॅनिंग करायची पद्धत आहे. ८०० मीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात साधारण २ चौरस किलोमीटर येतात, कागदावर केवढा मोठा भाग कव्हर झाल्यासारखा दिसतो! पण त्यातल्या कितीतरी घरांना प्रत्यक्षात दहा मिनिटांत पोचताच येत नाही, तुमच्यासारखंच.

तेव्हा घर नक्की करण्याआधी एकदा सकाळी, ज्या वेळेला तुम्ही ऑफिसला निघणार त्याच वेळेला, घराच्या दारापासून प्लॅटफॉर्मपर्यंत घड्याळ लावून चाला. स्टेशनच्या बोर्डापर्यंत नाही हं, प्लॅटफॉर्मपर्यंत. खोल भुयारी स्टेशन असेल किंवा उंचावरचं असेल तर गेटपासून गाडीपर्यंतच चार पाच मिनिटं जातात, सिक्युरिटी चेकची लाइन वेगळी. आणि तुमच्या बाजूचं गेट खरंच उघडं आहे का ते बघा, काही स्टेशनांवर एखादं गेट नकाशात असतं आणि जागेवर त्याला कुलूप असतं.

जाता जाता अजून एक, मेट्रोचा जो रंगीत नकाशा आपण बघतो तो अंतरं दाखवण्यासाठी नसतोच. लंडनच्या हॅरी बेकने १९३१ मध्ये तसा नकाशा आखला आणि १९३३ मध्ये तो छापून लोकांच्या हातात आला, सगळ्या रेघा सरळ, आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशात, आणि स्टेशनं साधारण सारख्या अंतरावर. कुठे बदलायचं ते त्यावर झटकन कळतं, किती लांब ते कळत नाही. लंडनमध्येच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं एकमेकांपासून ३०० मीटरपेक्षाही जवळ आहेत, पण नकाशा बघून नवखा माणूस जिने उतरून गाडी पकडतो, चालत चार मिनिटांत पोचला असता.

प्रश्न : मेन रोडवरून जाणारी बस आमच्या कॉलनीच्या आत यावी म्हणून आम्ही सह्या गोळा करतोय. तुमचा पाठिंबा मिळेल का? आत येऊन परत बाहेर जायला फक्त ५ मिनिटं लागतील.

ताई, तुमची तळमळ कळते, तरी सह्या द्यायच्या आधी माझं एवढं ऐकून घ्या, कारण या पाच मिनिटांनीच चांगले रूट बिघडतात असं माझं स्पष्ट मत आहे.

समजा त्या बसची एक पूर्ण फेरी, जाऊन येऊन आणि टोकाला थोडं थांबून, ९० मिनिटांची आहे आणि दर १० मिनिटाला बस येते. म्हणजे त्या रूटवर ९ बस फिरतायत. आता जाताना ५ आणि येताना ५ मिनिटं वाढली की फेरी झाली १०० मिनिटांची. एकतर दहावी बस आणि तिचे ड्रायव्हर कंडक्टर आणावे लागतील, नाहीतर त्याच ९ बस दर ११ मिनिटांनी येतील. एकच मिनिट तर वाढलं असं वाटेल, पण उद्या पुढची कॉलनी पण अशाच सह्या घेऊन येणार, मग त्यापुढची, आणि दोन तीन वर्षांत ती बस गल्लीगल्लीतून फिरणारी, १५ मिनिटांनी येणारी, कुणालाच वेळेवर न पोचवणारी बस होते. शिवाय जी चाळीस माणसं आधीच आत बसलीयत त्यांची प्रत्येकाची पाच मिनिटं तुमच्या कॉलनीतून फिरण्यात जातात, त्यांनी कुठे सही दिलीय?

जगात बऱ्याच शहरांनी उलटं केलंय, रूट सरळ केले. स्पेनमधल्या बार्सिलोनाने २०१२ ते २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने बसचं नवं जाळं आणलं, त्यात एच नावाचे रूट समुद्राला समांतर आडवे, व्ही नावाचे समुद्राकडून डोंगराकडे उभे आणि थोडे डी नावाचे तिरपे, एकूण २८. नाव बघितलं की बस कोणत्या दिशेला जाते ते कळतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने तर ऑगस्ट २०१५ मध्ये एका रात्रीत जवळजवळ सगळं बस नेटवर्क बदलून टाकलं, वेडेवाकडे रूट काढून सरळ आणि वारंवार येणारे रूट. तिथेही काही लोकांना आधीपेक्षा जास्त चालावं लागलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता तुमच्या कॉलनीत गुडघे दुखणारी माणसं असतील, व्हीलचेअरवरचं कुणी असेल, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी मेन रूट न वळवता वेगळी छोटी बस मागा, जी आतल्या गल्ल्यांतून फिरून मेट्रो किंवा मेन स्टॉपला सोडेल. दक्षिण कोरियाच्या सोल शहरात अशा छोट्या गाड्या आहेत, त्यांना तिकडे मावुल बस म्हणतात, मावुल म्हणजे गाव किंवा वस्ती. आणि बाकीच्यांसाठी त्याच अर्जात तीन गोष्टी लिहा : मेन रोडच्या स्टॉपपर्यंत सलग फुटपाथ, रात्री दिवे, आणि मागच्या भिंतीला एक छोटं फाटक. खरं सांगते, एका फाटकाने जेवढी घरं स्टॉपच्या जवळ येतात तेवढी कधीकधी नवीन रूटनेही येत नाहीत. असा अर्ज केलात तर माझा पूर्ण पाठिंबा.

प्रश्न : आमची थेट बस बंद केली आणि आता म्हणे फीडर बस, म्हणजे वस्तीतून मेट्रोपर्यंत सोडणारी बस, पकडून मेट्रोला जा. आई म्हणते बदलाबदली नको, थेट ते थेट. ती चुकतेय की मेट्रोवाले?

दोघांचंही बरोबर असू शकतं, हिशोब करून बघावा लागेल. थेट बस दर ४० मिनिटाला असेल तर वेळ न बघता स्टॉपवर गेलं की सरासरी २० मिनिटं वाट बघणं आलं, वर प्रवास ४० मिनिटं, झाले ६०. आता फीडर दर १० मिनिटाला असेल तर वाट ५, प्रवास १२, चालणं ३, मेट्रोची वाट ३, मेट्रोत १५, झाले ३८. बदली करूनही २२ मिनिटं वाचली. पण हेच फीडर अर्ध्या तासाने येत असेल तर तिची वाटच १५ मिनिटं, परत येताना तर मेट्रोतून उतरून अंधारात उभं राहायचं, आणि दोन वेगळी तिकिटं काढायची, मग आईचं बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर आहे. थेट बस काढताना फीडर किती वेळाने येणार आणि रात्री शेवटची किती वाजता, हे लेखी मिळालं पाहिजे.

सोलने जुलै २००४ मध्ये हे सगळं एकदम केलं म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. निळ्या बस लांब पल्ल्याच्या मेन रस्त्यांवरून, हिरव्या बस वस्तीतून मेट्रोपर्यंत, लाल उपनगरांतून एक्सप्रेस आणि पिवळ्या मध्यवर्ती भागात गोल फिरणाऱ्या. निळ्या बसच्या नंबरातला पहिला आकडा ती कोणत्या झोनमधून निघते ते सांगतो आणि दुसरा कुठल्या झोनमध्ये जाते ते. आणि मुख्य म्हणजे कार्ड एकच, भाडं एकूण अंतरावर, बसमधून उतरून अर्ध्या तासात मेट्रोत शिरलात तर परत सुरुवातीपासून भाडं नाही. बदलीचा त्रास आहेच, पण त्याचा दंड प्रवाशाने भरायचा नाही, एवढं तरी व्हायला हवं.

प्रश्न : अर्धा तास बस नाही आणि मग एकदम तीन एकामागोमाग. ड्रायव्हर मुद्दाम करतात का?

नाही हो, त्या बिचाऱ्यांचा यात दोष फार कमी. पहिली बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या स्टॉपवर तेवढी जास्त माणसं जमलेली असतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती अजून मागे पडते, पुढच्या स्टॉपवर अजून गर्दी. तिच्या मागच्या बसला मात्र माणसंच मिळत नाहीत, कारण सगळी पुढचीने उचलली, म्हणून ती भरभर येऊन पुढचीला गाठते. एकदा जोडी जमली की आपोआप सुटत नाही. उपाय म्हणजे सगळ्या दारांनी चढायला देणं, तिकीट आधीच काढणं, आणि मधल्या एखाद्या स्टॉपवर मागच्या बसला थोडं थांबवून ठेवणं. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९९१ पासून काचेच्या नळीसारखे बस स्टॉप आहेत, तिकीट नळीत शिरतानाच, आणि फलाट बसच्या उंचीचा, त्यामुळे चढायला वेळच लागत नाही. तोवर तुम्ही एक करा, पहिली बस खच्चून भरलेली दिसली आणि मागे दुसरी दिसत असेल तर त्या दुसरीत चढा, बसायला मिळेल.

प्रश्न : ॲपवर बस "२ मिनिटांत" दाखवते, येतच नाही. का?

ॲपमध्ये दोन प्रकारची माहिती येते. एक नुसतं वेळापत्रक, जे बस कंपनी फाइल बनवून देते. ती फाइल बनवायची जी पद्धत जगभर चालते, जीटीएफएस, ती २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडची बससेवा आणि गुगल यांनी मिळून सुरू केली. साध्या टेक्स्ट फाइल असतात, स्टॉपची यादी, रूटची यादी, कोणती फेरी कोणत्या स्टॉपला किती वाजता. फाइल जुनी झाली किंवा त्या दिवशी फेरीच रद्द झाली तरी ॲप बापडं कागदावरची बस दाखवत राहतं. दुसरी माहिती बसमधल्या जीपीएसची, ती खरी. बहुतेक ॲपमध्ये लाइव्ह असेल तर वेगळा रंग किंवा खूण असते, तेवढी ओळखायला शिका आणि खूण नसेल तर त्या दोन मिनिटांवर फार विसंबू नका.

प्रश्न : माझ्या आजीला वाचता येत नाही आणि नजरही कमी झालीय, पण तिला एकटीने मेट्रोने मावशीकडे जायचंय. घरचे नको म्हणतात. कसं शिकवू?

हे पत्र मी दोनदा वाचलं. आजीला जाऊ द्या, नक्की जाऊ द्या.

मेक्सिको सिटीची मेट्रो १९६९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिथे वाचता न येणारे प्रवासी खूप होते, म्हणून प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र दिलं, कुठे टोळ, कुठे घंटा. आजही ती चित्रं आहेत. तुमच्या मेट्रोत तशी सोय नसेल तर तुम्ही आजीला तिची चित्रं बनवून द्या, म्हणजे अमुक स्टेशन आलं की उजव्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, तमुक आलं की गाडी वळण घेते. नावं पाठ करवू नका, स्टेशनं मोजायला शिकवा, पाचवं आपलं, आणि बोटावर मोजायची.

स्टेशनच्या फरशीवर पिवळ्या खडबडीत पट्ट्या असतात त्या दाखवा. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब उंचवटे पायाखाली लागले की त्या दिशेने चालत राहा, गोल ठिपके लागले की थांबा, पुढे जिना आहे किंवा प्लॅटफॉर्मची कड आहे. चपलेच्या पातळ तळव्यातून ते नीट कळतात, जाड सोलच्या बुटातून कमी, तेव्हा त्या दिवशी आजीला पातळ चप्पल घालायला सांगा.

पहिल्या दोन फेऱ्या दुपारी गर्दी नसताना बरोबर करा. तिसऱ्या वेळी तुम्ही त्याच डब्यात बसा पण लांब, आजीला करू दे सगळं, चुकली तरी लगेच उठू नका. चौथ्या वेळी मावशीला गेटवर उभं राहायला सांगा, कुठल्या गेटवर ते आधी ठरवा, आणि दोन्ही घरचे फोन नंबर मोठ्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून पिशवीत ठेवा, म्हणजे अडलीच तर कुणालाही दाखवता येईल.