ऑफिसातले प्रश्न, ताईंची उत्तरं: जे कागदावर नाही ते आधी विचारा

या वेळी पगार अन् बदलीवाली पत्रं कमी आली, "निर्णय फसला, आता काय" असली जास्त. त्यातली चार घेतली आहेत. नावं नेहमीसारखी छापत नाही.

ताई, नमस्कार. मी बुटीबोरीच्या एका फूड कंपनीत पर्चेसला आहे. माल पॅक करायची पाच प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची खोकी मीच घेते. मे महिन्यात तीन कोटेशन मागवले अन् सगळ्यात कमी रेटवाला नवा सप्लायर घेतला, खोक्यामागे १ रुपया २० पैसे वाचत होते आणि आम्हाला महिन्याला ५००० खोकी लागतात. सॅम्पल चेक केलं होतं, एकदम मस्त होतं. जुलैत गोडाऊनमधली खालच्या थरातली खोकी बसली, २०० खोकी रिपॅक करावी लागली, आतला माल फुटला तो वेगळा, एका खोक्यामागे साधारण ६० रुपये गेले. अप्रेझलमध्ये सरांनी लिहिलं, क्रिटिकल थिंकिंग सुधारावं. आता ते कसं सुधारतात? सात हजाराचा एक ऑनलाइन कोर्स पाहून राहिली आहे, घेऊ का? – पर्चेसवाली, मनीषनगर

कोर्सचे सात हजार राहू दे पर्समध्ये. एक तर सर्टिफिकेट दाखवून तुझे सर खूश होतील असं मला वाटत नाही, आणि दुसरं म्हणजे तुझ्या या खोक्यांच्या प्रकरणातच अख्खा कोर्स आहे, तोच नीट उलगडून पाहू.

तू विचार केला नाही असं अजिबात नाही गं. तीन कोटेशन मागवले, सॅम्पल पाहिलं, लोक तेवढंही करत नाहीत. पण सॅम्पल पाहिलं कधी, तर मे महिन्यात. नागपूरचा मे म्हणजे हवेत ओलीचा पत्ता नाही, त्या हवेत कोणतंही खोकं कडकच लागणार! खोक्याचा कागद हवेतली ओल ओढतो आणि ओल ओढली की त्याची ताकद चांगलीच उतरते, त्यात थप्पीचं सगळं वजन खालच्या थरावर. म्हणजे जे खोकं तुला जुलै-ऑगस्टमध्ये तोलायचं होतं ते तू मे मध्ये तोललं. तू विचारलं "खोकं चांगलं आहे का", विचारायचं होतं "हे खोकं बसेल तर कधी बसेल". दुसरा प्रश्न विचारला असता तर पावसाळा आपसूक डोक्यात आला असता.

आपल्या सगळ्यांचीच ही खोड आहे, मनात जे ठरलं त्याला होकार देणारं तेवढंच आपण शोधतो. १९६० मध्ये पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक साधा प्रयोग केला. लोकांना २, ४, ६ हे तीन आकडे दिले, म्हणाला हे एका नियमात बसतात, तुम्ही अजून तीन-तीन आकडे सांगा, मी ते बसतात की नाही सांगतो, खात्री झाली की नियम सांगा. लोक म्हणाले ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. मग छाती ठोकून नियम सांगितला, दोन-दोननं वाढणारे आकडे. चूक! नियम फक्त एवढाच होता की आकडे चढत्या क्रमानं हवे, १, ७, ९० पण चाललं असतं. पण ते कोणी विचारून पाहायला हवं ना. जिथं उत्तर "नाही" येऊ शकतं तो प्रश्न विचारायला फार थोडे लोक तयार असतात. तुझं मे मधलं सॅम्पल म्हणजे हेच, ८, १०, १२.

आता हिशेब. महिन्याला ६००० वाचत होते, एका फटक्यात १२००० गेले, म्हणजे दोन महिन्यांची बचत. वाईट झालं पण बुडालो म्हणावं एवढं नाही. आणि इथं मला तुझ्या पत्रात एक गोष्ट सापडत नाही. जुन्या सप्लायरची खोकी मागच्या जुलैत बसली होती का? त्याच्याबद्दल एक वाक्य नाही. समजा त्याचीही दीडशे बसली होती अन् कोणी लिहून ठेवली नाही, तर मग हा नवा बिचारा उगीच बदनाम. किंवा या वर्षी गोडाऊनमध्ये जागा कमी पडली म्हणून सहा थरांची थप्पी आठ थरांची झाली असेल, पॅलेट न टाकता माल थेट फरशीवर ठेवला असेल, पत्र्याला गळती असेल. स्टोअरवाल्या भाऊंकडे जा, मागच्या वर्षीच्या जीआरएन (माल आल्याच्या नोंदी) अन् रिजेक्शनचं रजिस्टर मागव, थप्पी किती उंच होती ते विचार. जोवर हे कळत नाही तोवर "कमी रेट घेतला म्हणून फसलो" हा पण एक अंदाजच आहे, तो तू अन् तुझ्या सरांनी मिळून खरा मानलाय. घाईनं जुन्या सप्लायरकडे परत गेलीस तर पुन्हा तेच होईल, फक्त रेट जास्त असेल.

पुढच्या वेळी कंपॅरिटिव्ह, म्हणजे कोटेशनच्या तुलनेची शीट करशील तेव्हा रेट, टॅक्स, क्रेडिटचे दिवस याच्या बाजूला तीन कॉलम अजून आख: मागच्या पावसाळ्यातलं रिजेक्शन, उशिरा आलेल्या गाड्या, आणि तिसरा कॉलम "काय घडलं तर हा निर्णय चुकला म्हणायचं". तिसरा भरायला जीवावर येतो, तोच सगळ्यात कामाचा. आणि ही शीट तारीख टाकून जपून ठेव. कारण निकाल लागला की माणसाला वाटतं आपल्याला हे आधीच दिसत होतं. बारूक फिशहॉफनं १९७५ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं, निकाल सांगितलेल्या लोकांना तोच निकाल आधीपासून जास्त शक्य वाटायला लागतो. तुझ्या सरांनाही आता जुलैतला पाऊस मे मध्येच दिसत होता असं वाटत असेल. मे मधल्या त्या कंपॅरिटिव्हवर सही कोणाची आहे, ते एकदा हळूच पाहून घे. भांडायला नाही, माहिती असावी म्हणून.

ताई, इतवारीत आपलं कूलर अन् पंपाचं दुकान आहे. चार सेल्समन बाहेर फिरतात, उमरेड, काटोल, भंडारा, वर्धा लाइनला. माझा अनुभव सांगतो, ज्याचा सेल पडला त्याला झापलं की पुढच्या महिन्यात सेल वाढतो, अन् ज्याचं कौतुक केलं, बक्षीस दिलं, त्याचा हमखास खाली येतो. मुलगा एमबीए करून आला, तो म्हणतो बाबा तुम्ही डाटा पाहा, झापणं बंद करा. मी म्हणलं हाच तर डाटा आहे बाप्पा! कोण बरोबर? – दुकानदार

भाऊ, तुम्ही जे पाहिलं ते खरंच पाहिलं, त्यावर माझा वाद नाही. त्यातून तुम्ही जे काढलं तिथं घोळ आहे.

२००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या डॅनियल कानेमन यांना इस्रायलच्या वायुदलातल्या एका ट्रेनरनं अगदी हेच सांगितलं होतं. कानेमन तिथं शिकवत होते की शिक्षेपेक्षा कौतुकानं माणूस लवकर शिकतो, तर तो अनुभवी ट्रेनर उठून म्हणाला, साहेब, पोरानं विमानाची कसरत चांगली केली म्हणून शाबासकी दिली की पुढची बिघडते, अन् ओरडलो की सुधारते. कानेमननी काय केलं, ट्रेनर लोकांना पाठीमागच्या एका खुणेकडे, वळून न बघता, दोन-दोन नाणी फेकायला लावली. पहिलं नाणं ज्यांचं खुणेच्या अगदी जवळ पडलं त्यांचं दुसरं बहुतेक लांब गेलं, अन् ज्यांचं फार लांब पडलं त्यांचं जवळ आलं. नाण्याला कोणी झापलं होतं का? प्रत्येकाची एक सरासरी असते, कधी नशिबानं वर जातो कधी खाली, अन् लई वर किंवा लई खाली गेला की पुढच्या वेळी सरासरीकडे येतोच. तुम्ही झापता कधी, तर तो खाली असताना. मग वर येणारच, तुम्ही झापा नाही तर तर्री पोहे खाऊ घाला.

त्यात तुमचा धंदा कूलरचा. फेब्रुवारीत सेल कमी म्हणून झापलं अन् मार्च-एप्रिलला वाढला, तर श्रेय उन्हाचं की तुमच्या आवाजाचं? मे मध्ये शाबासकी दिली, नवतपा संपला, पाणी आलं, जूनमध्ये कूलर कोण घेऊन राहिलं? म्हणून महिन्याची तुलना मागच्या महिन्याशी करूच नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि एका लाइनची बाकीच्या तीन लाइनींशी. सगळ्यांचेच पडले असतील तर ते हवामान, एकाचाच पडला तर त्याच्याशी बोला. अन् खरंच तपासायचं असेल तर या सीझनला दोघांचा सेल पडला तरी त्यांना काही बोलू नका, बाकीच्या दोघांना नेहमीसारखं झापा. चार माणसांवरून काही सिद्ध होत नाही म्हणा, पण बिना झापता सेल वर आलेला एकदा डोळ्यांनी पाहिला की तुमचं तुम्हालाच पटेल. मुलाचं नव्वद टक्के बरोबर आहे, दहा टक्के मी कापले कारण "डाटा पाहा" एवढंच म्हणून त्यानं विषय सोडला. कोणता डाटा ते सांगायला पाहिजे होतं.

मिहानच्या आयटी कंपनीत टीम लीड आहे. मीटिंगमध्ये मी विचारतो, "एनी कन्सर्न्स?" सगळे चूप. मीटिंग संपली की चहाच्या टपरीवर प्रत्येकाला माहीत असतं की प्रोजेक्ट कुठं फसणार आहे. दिवाळीच्या आधी एक मोठं गो-लाइव्ह आहे, म्हणजे नवी सिस्टिम क्लायंटकडे चालू करायची आहे. लोकांना बोलतं कसं करू? – लीड, वर्धा रोड

तू विचारतोस तेव्हा "माझ्या प्लॅनमध्ये खोट काढा" असं ऐकू जातं त्यांना, अन् अप्रेझल तुझ्याच हातात. कोण कशाला बोलेल?

गॅरी क्लाइन यांची एक पद्धत आहे, २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये त्यांनी ती लिहिली, प्रीमॉर्टेम म्हणतात. पोस्टमॉर्टेम मेल्यावर, हे आधी. गो-लाइव्हच्या तीन-चार आठवडे आधी बसा. तू सांगायचं, "समजा दिवाळी होऊन गेली, गो-लाइव्ह पार बुडालं, क्लायंट खवळलाय. हे घडून गेलंय. का घडलं ते पाच मिनिटांत चिठ्ठीवर लिहा." बुडेल का असं विचारायचं नाही, बुडालंच असं धरायचं, सगळी गंमत त्यात आहे. मग शंका काढणं म्हणजे लीडच्या विरोधात बोलणं राहत नाही, उलट जो नेमकं कारण सांगेल तो हुशार. एका फेरीत एकेक कारण वाचायचं, सगळ्यात नवा पोरगा पहिले, तू सगळ्यात शेवटी. आणि मधे "ते आपण पाहिलंय ऑलरेडी" असं एकदा जरी म्हणालास ना, तर पुढच्या वेळी कोऱ्या चिठ्ठ्या येतील.

हे खेळ वाटत असतील तर अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान आठव. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान गेलं, सात जण गेले. आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनियर फोनवर सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका, सांध्यातल्या रबरी रिंगा थंडीत आखडतात. त्यांच्याच कंपनीच्या एका मोठ्या साहेबानं इंजिनियरिंग विभागाच्या प्रमुखाला म्हटलं की आता इंजिनियरची टोपी काढ अन् मॅनेजरची घाल. झालं, होकार गेला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त टोचते. थंडीचा अन् रिंगांचा संबंध तपासताना ज्या उड्डाणांत रिंगांना इजा झाली होती तेवढीच पुढं ठेवली होती, आणि तेवढ्यात काही धड दिसत नव्हतं, गरम दिवशीही इजा झालेली होती. ज्या उड्डाणांत काहीच बिघडलं नाही तीही मांडली असती तर दिसलं असतं की ती सगळी गरम हवेतली आहेत, आणि साधारण १८ अंश सेल्सिअसच्या खाली झालेल्या प्रत्येक उड्डाणात इजा आहे. त्या सकाळी पारा २ अंशांच्या आसपास होता.

तर तुझ्या रिलीजच्या वेळी फक्त फसलेल्या रिलीजची यादी काढू नको. जे सुरळीत गेले तेही काढ, त्या वेळी टेस्टिंगला किती दिवस मिळाले होते, शेवटच्या आठवड्यात किती बदल घुसवले होते, दोन्ही शेजारी-शेजारी ठेव. अन् टपरीवरच्या चहाला अधूनमधून जात जा, पण वही घेऊन नको जाऊ.

ताई, दोन वर्षांपूर्वी ऑफिससाठी तीन लाखांचं बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. स्टाफ अजून एक्सेलमध्येच काम करतो अन् मग रात्री त्यात एन्ट्री मारतो. बदलायचं म्हटलं की पार्टनर म्हणतो, तीन लाख पाण्यात घालायचे का? – सीए फर्म, धरमपेठ

ते तीन लाख पाण्यात गेलेच आहेत, ठेवलं तरी अन् काढलं तरी. पार्टनरला एवढंच विचारा, हे सॉफ्टवेअर आज कोणी फुकट दिलं तर रात्रीच्या एन्ट्रीसकट घेशील का? नाही म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर का, ते नीट ऐका, कदाचित त्याला जुना डाटा बाहेर काढायची धास्ती असेल, अन् ती धास्ती खरी आहे, त्याचा खर्च आधी काढून घ्या. स्टाफलाही विचारा ते एक्सेल का सोडत नाहीत, कधीकधी एखादाच रिपोर्ट अडलेला असतो अन् सॉफ्टवेअरवाला अर्ध्या दिवसात करून देतो. एएमसी (वर्षाच्या देखभालीचा करार) रिन्यूअलची तारीख तुम्ही लिहिली नाही, ती आजच पाहा, नोटीस किती दिवस आधी द्यायची ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये असतं.