प्रश्न: साखर कारखान्यावरनं सुटलेले म्हातारे बैल, आणि कुणी सोडून दिलेले इमू, कासव, पोपट असे प्राणी मरेपर्यंत सांभाळायचं केंद्र काढायचंय. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला दोन एकर आहे. काय तयारी लागेल?

आधी चिखलीची जागा डोक्यातनं काढा. 2019 ला आणि 2021 ला तिथं पंचगंगेनं काय केलं ते बघितलं असेलच, माणसं बोटीनं काढायला लागली, मग ज्या बैलाला उठताच येत नाही त्याला कशात घालून नेणार? पूररेषेच्या वरची मुरमाड जागा बघा, भाड्यानं का असेना. पावसाळाभर चिखलात उभं राहिलं की खुरं कुजतात, आणि म्हातारं जनावर खुरानं एकदा बसलं की उठवणं लई अवघड.

मी कागलच्या बाजूला म्हाताऱ्या बैलांच्या गोठ्यावर सुट्टीदिवशी जातो, त्यामुळं बैलांचंच जास्त सांगतो. बैल दहा-बारा वर्षांचा झाला की गाडीच्या कामातनं सुटतो पण नीट सांभाळला तर विसाव्या वर्षापर्यंत जगतो, म्हणजे एक बैल घेतला की आठ-दहा वर्षं बांधली गेली. 2015 पासून राज्यात बैल कापायला बंदी आहे, त्यामुळं ज्याला वैरण परवडत नाही तो सोडून देतो, आणि तुम्ही बोर्ड लावला की पहिल्याच महिन्यात दारात रांग लागणार. तिथं नाही म्हणायला शिका, लई वाईट वाटतं पण शिका.

वैरण म्हणाल तर एका बैलाला दिवसाला 15-20 किलो ओली आणि 5-6 किलो वाळली धरा. सीझनमध्ये उसाचं वाढं (वरचा हिरवा शेंडा) फुकट मिळतंय म्हणून नुसतं तेच घालत बसू नका, त्यात ऑक्झलेट असतं, अंगातलं कॅल्शियम कमी होतं आणि म्हाताऱ्याची हाडं आणखी ढिली पडतात. वाढ्यावर चुन्याची निवळी मारा, सोबत कडबा द्या, तोही कुट्टी करून कारण दात झिजलेले असतात. शाळवाचा (रब्बी ज्वारीचा) कडबा फेब्रुवारी-मार्चलाच घेऊन गंजी लावा, जून-जुलैत भाव विचारायची सोय नसते. आणि लग्नातला उरलेला भात, चपात्या, बुंदी घेऊन लोक पुण्य करायला येतील, त्यांना गेटवरनंच हात जोडा. 2023 च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात उरलेलं अन्न खाऊन 50 च्या वर गायी दगावल्या, पोटात आम्ल वाढलं की जनावर काही तासात जातं.

बसलेला बैल काय असतो ते एकदा बघून घ्या. चारशे किलोचं अंग, दर तीन-चार तासाला कूस बदलायची, रात्रीपण, नाहीतर खालच्या बाजूला जखमा पडतात. एकाच अंगावर आडवा राहिला तर पोट फुगून श्वास कोंडतो, म्हणून भुशाची पोती छातीच्या दोन्ही बाजूला लावून सरळ बसवायचा. आमचा सर्जा असा बसला होता तेव्हा एकजण मान धरायचा, दोघं मागचे पाय, एक पोती सरकवायला. डोकं सारखं झटकायला लागला, शिंग एका बाजूला कललं किंवा त्या बाजूच्या नाकपुडीतनं रक्त आलं तर शिंगाचा कॅन्सर समजून लगेच डॉक्टर बोलवा, बैलांत तो बराच दिसतो.

बाकीच्या प्राण्यांचं थोडक्यात. आपल्याकडचा पोपट आणि स्टार कासव ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, तुम्ही सांभाळायला म्हणून ठेवलं तरी, त्यामुळं वन विभागाच्या 1926 या हेल्पलाईन नंबरवर फोन करून त्यांच्याकडं द्या. परदेशी असेल तर बहुतेक जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. आफ्रिकन राखाडी पोपट चाळीस-पन्नास वर्षं जगतो, सल्काटा कासव सत्तरच्याही पुढं, म्हणजे तुमच्यामागं त्यांना कोण बघणार ते ट्रस्टच्या कागदावर आधी यायला पाहिजे. इमूंना सहा फुटी जाळी आणि बैलांपासून वेगळी जागा लागते.

नांदणी मठाची महादेवी हत्तीण गुजरातला नेली तेव्हा 2025 ला तिच्यासाठी आख्खा जिल्हा रस्त्यावर आला, ती माया खरी होती, मला त्याचा अभिमान आहे. पण हत्तीच्या पायाला मातीची जमीन आणि सोबतीला दुसरे हत्ती लागतात हेही तेवढंच खरं, आणि तुमच्या प्रत्येक प्राण्याला हाच प्रश्न लागू आहे, त्याला काय लागतं आणि ते आपल्याकडं आहे का.

तर सुरुवातीला दोन-तीनच बैल घ्या. त्याच्याआधी एक पावसाळा पांजरपोळात किंवा एखाद्या गोशाळेत शेण काढायला जावा, आठवड्यातनं दोन दिवस तरी. किती बैलांपासून सुरू करताय ते खाली सांगा, वर्षाच्या वैरणीचा हिशोब मांडून देतो.