कांडी खिशात वितळवली तर चालते का?

प्रश्न : गाय भरवायला येणारे कार्यकर्ते गोठवलेली वीर्यकांडी द्रव नत्राच्या (नायट्रोजनच्या) कंटेनरमधून काढून शर्टाच्या खिशात ठेवतात, कधी तळहातांत चोळतात. आमची गाय दोनदा उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली). दोष कांडीचा असेल का? (इंदापूर)

उत्तर : गाय उलटण्याची कारणं पुष्कळ. आधी वेळ तपासा: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी. पण खिशातलं वितळवणं मात्र थांबवाच.

०.२५ मिलीच्या कांडीत साधारण २ कोटी शुक्राणू असतात. पेशीतल्या बर्फाच्या स्फटिकांनी ते फाटू नयेत म्हणून गोठवण्याआधी ग्लिसरॉल मिसळतात. (ग्लिसरॉलचा हा गुण १९४९ मध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी कोंबड्याच्या शुक्राणूंवर दाखवला.) उणे १३० अंशांखाली सगळं थिजलेलं असतं. धोका त्याच्या वर, वितळेपर्यंतच्या पट्ट्यात: तिथे बारीक स्फटिक एकमेकांत मिळून मोठे होतात आणि पेशीची आवरणं मोडतात. ३७ अंशांच्या पाण्यात कांडी हा पट्टा काही सेकंदांत ओलांडते, खिशात मात्र रेंगाळते.

म्हणून थर्मासमध्ये ३७ अंशांचं पाणी, त्यात थर्मामीटर. हाताला ‘कोमट लागलं’ हे मोजमाप नव्हे. कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा लांब दांड्याचा डबा) कंटेनरच्या मानेतच, काठाच्या खाली ठेवून चिमट्याने कांडी उचलावी. ५-८ सेकंदांत सापडली नाही तर कॅनिस्टर पुन्हा खाली सोडावा, थंड होऊ द्यावा, मग परत बघावं. राहिलेल्या कांड्या अशा शोधाशोधीतच सर्वांत जास्त बिघडतात, आणि त्याचा फटका पुढच्या गोठ्याला बसतो.

पाण्यात ३० सेकंद. मग कांडी कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू फुगून मरतात. कापसाच्या बुचाचं टोक गनमध्ये (वीर्य सोडायच्या नळीत) आत, दुसरं सीलबंद टोक सरळ कापायचं. तिरकं कापलं तर शीथमध्ये (गनवरच्या प्लास्टिकच्या आवरणात) नीट बसत नाही आणि वीर्य मागे गळतं. थंडीच्या दिवसांत गन आधी कापडाने चोळून कोमट करावी. वितळलेली कांडी १५ मिनिटांच्या आत वापरावी. ती परत नत्रात टाकून उपयोग नाही. कांडीवरचा वळूचा क्रमांक तेवढा वहीत लिहून घ्या.

प्रश्न : गटाने ३ लिटरचा कंटेनर घेतला आहे. नत्र किती उरलं ते कसं मोजायचं? एकदा संपलं होतं, पुन्हा भरलं. त्या कांड्या चालतील का? (संगमनेर)

उत्तर : नत्र पूर्ण संपलं असेल तर त्या कांड्या वापरू नका. मेलेली कांडी दिसायला जिवंत कांडीसारखीच असते. फरक कळतो तो फक्त सूक्ष्मदर्शकाखाली, वितळवल्यावर.

मोजायला लाकडी किंवा प्लास्टिकची भरीव पट्टी तळापर्यंत १० सेकंद धरा, बाहेर काढून हवेत हलवा. पांढरं दव जिथपर्यंत धरेल तेवढं नत्र. पोकळ नळी कधीही घालू नका, तिच्यातून द्रव उसळून अंगावर येतो. निम्म्यावर आलं की भरून घ्यावं. मानेला बाहेरून दव धरू लागलं किंवा नत्र अचानक लवकर संपू लागलं, तर आतली निर्वात पोकळी गेली समजा आणि कांड्या त्याच दिवशी दुसरीकडे हलवा.

झाकण मूळचंच हवं. चिंध्या कोंबून तोंड घट्ट बंद करणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण: १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला ना वास ना रंग, म्हणून बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत माणूस गुदमरू शकतो. भरताना चष्मा आणि सैल, कोरडे हातमोजे घाला.

प्रश्न : घरच्या डीप फ्रीजरमध्ये कांड्या ठेवता येतील का? नत्रात त्या किती वर्षं टिकतात? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. घरचा फ्रीजर उणे २० अंशांच्या आसपास, म्हणजे वर सांगितलेल्या धोक्याच्या पट्ट्यातच. उणे १९६ अंशांच्या नत्रात मात्र काळाचा प्रश्न जवळजवळ नाही. सिडनीत १९६८ साली गोठवलेलं ‘सर फ्रेडी’ या मेरिनो मेंढ्याचं वीर्य पन्नास वर्षांनी वापरलं, तेव्हा ५६ पैकी ३४ मेंढ्या गाभण राहिल्या. अट एकच: मधल्या काळात नत्राची पातळी कधी निम्म्याखाली उतरता कामा नये.