ग्राहकांचे प्रश्न : चुकून टेकलेला अंगठा आणि २,४०,००० रुपयांचे अपग्रेड

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला राहतो आणि नोकरीनिमित्त रोज वांद्रे-कुर्ला संकुलात जातो. गेल्या वर्षी विजेवर चालणारी गाडी घेतली. संध्याकाळी निघण्यापूर्वी तळघरात उभ्या असलेल्या गाडीचा एसी चालू करावा म्हणून लिफ्टची वाट पाहत असतानाच मी कंपनीचे ॲप उघडतो. गेल्या मंगळवारी ॲप उघडले, तेव्हा नेहमी एसीचे बटण असते त्या जागी गाडीचा वेग वाढवणाऱ्या आणि चालकाला साह्य करणाऱ्या सुविधांच्या अपग्रेडची जाहिरात आली होती. सवयीने अंगठा टेकला, पुढच्या पडद्यावरही टेकला. कार्ड ॲपमध्ये जतन केलेले आहे. चार्जिंगचे पैसे भरले जात आहेत अशा समजुतीत मी असताना बँकेचा ओटीपी फोनने आपणहून भरला. रात्री घरी आल्यावर बँकेचा संदेश नीट वाचला, तर खात्यावर २,४०,००० रुपयांचा खर्च. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. ‘सॉफ्टवेअर एकदा गाडीत उतरले की परत घेता येत नाही,’ असे तिथे सांगण्यात आले. माझे मेहुणे म्हणतात, ‘हा व्यवहार मी केलाच नाही, फसवणूक झाली आहे, असे बँकेला कळवून मोकळे व्हा.’ तीन दिवस उलटले आहेत. पैसे मिळतील का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मेहुण्यांचा सल्ला आपुलकीचा असला तरी तो मानू नका, आणि बँकेला तसे कळवले असेल तर आजच दुरुस्तीचा ईमेल पाठवा. तिसऱ्याच व्यक्तीने खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर काहीही बोजा पडू नये, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात केली. आपले प्रकरण त्यात बसत नाही, कारण फोन आपला, ओटीपी आपल्याच फोनवर आलेला आणि ॲपमधले खातेही आपलेच. बँक ही नोंद काही मिनिटांत काढते. एकदा खोटे लेखी दिले की पुढे कंपनीविरुद्धच्या खऱ्या तक्रारीतही तोच कागद आपल्यासमोर ठेवला जातो. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा.

आपली बाजू खरी आहे आणि ती खरेपणानेच मांडली पाहिजे. बटण दाबले गेले, हे मान्य करायचे. अपग्रेड विकत घेण्यास संमती दिली, हे मान्य करायचे नाही. या दोन वाक्यांतल्या फरकावरच आपल्या प्रकरणाचा निकाल अवलंबून आहे.

असे प्रसंग परदेशात आधी घडून गेले आहेत. अमेरिकेत खिशातल्या फोनवर बटण दाबले जाऊन चार हजार डॉलरहून अधिक किमतीचे अपग्रेड खरेदी झाल्याच्या टेस्लाच्या गाडीमालकांच्या तक्रारी २०२० मध्ये गाजल्या होत्या, आणि ॲपवरून घेतलेल्या अपग्रेडचे पैसे ४८ तासांत परत मागण्याची सोय त्या कंपनीने उपलब्ध करून दिली. आपल्याकडे मात्र खिशातला फोन एकट्याने एवढी खरेदी सहसा करू शकत नाही, कारण देशातल्या कार्डव्यवहारात मध्ये ओटीपी येतो आणि यूपीआयच्या व्यवहारात पिन येतो. हे संरक्षण उत्तमच, पण चूक झाली की तेच उलटते : ‘मग ओटीपी कोणी भरला?’ हा कंपनीचा पहिला प्रश्न असतो. म्हणून तो विचारला जाण्याची वाट न पाहता पहिल्याच पत्रात लिहून टाका की ओटीपी फोनने आपोआप भरला आणि आपण तो चार्जिंगच्या बिलाचा समजलात. चार्जिंगचे पैसे याच ॲपमधून, याच कार्डावरून नेहमी जात असतील, तर मागच्या दोन-तीन महिन्यांच्या कार्डाच्या विवरणातल्या तशा नोंदी सोबत जोडा. गैरसमज का झाला, हे त्या नोंदी आपल्या शब्दांपेक्षा अधिक चांगले सांगतील.

आता सर्व्हिस सेंटरमधल्या उत्तराकडे येऊ. ‘सॉफ्टवेअर परत घेता येत नाही’ हे वाक्य तांत्रिक वाटते, पण तसे ते नाही. अशा बहुतेक अपग्रेडमध्ये गाडीत नवा भाग बसवला जात नाही. मोटर, कॅमेरे, सेन्सर ही सगळी सामग्री कारखान्यातूनच बसवून आलेली असते आणि आपण पैसे देतो ते केवळ कुलूप उघडण्याचे. बीएमडब्ल्यू कंपनीने २०२२ मध्ये काही देशांत गाडीत आधीच बसवलेल्या गरम आसनांसाठी मासिक वर्गणी लावून पाहिली आणि ग्राहकांची नाराजी पाहून पुढच्या वर्षी त्या धोरणातून माघार घेतली. मर्सिडीजने अमेरिकेत आपल्या काही विजेरी गाड्यांना अधिक जोराचा वेग देण्यासाठी वर्षाला १,२०० डॉलर मागितले. वर्गणी संपल्यावर जी सुविधा दुरून बंद करता येते, ती चुकीची खरेदी रद्द झाल्यावर बंद करता येत नाही, हे पटण्यासारखे नाही. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी यावरून वाद घालण्यात मात्र अर्थ नाही. त्याला पैसे परत करण्याचा अधिकारच नसतो आणि तो तोंडी बोललेले कुठेही नोंदले जात नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती सुविधा एकदाही वापरू नका. गाडी कोणत्या दिवशी कोणत्या पद्धतीने चालली, याची नोंद कंपनीकडे जाते. घाटकोपरच्या पुढे रस्ता मोकळा दिसला म्हणून वाढीव वेगाची मजा एकदा अनुभवून पाहिली, तर ‘ग्राहकाने सेवा स्वीकारली’ असे म्हणण्यास कंपनी मोकळी होते. सेटिंगमध्ये सुविधा बंद करण्याची सोय असेल तर ती आजच बंद करा आणि त्या पडद्याचे व किलोमीटर दाखवणाऱ्या आकड्याचे छायाचित्र तारखेसह ठेवा. जाहिरात आजही एसीच्या बटणाच्याच जागी येत असेल, तर तिचाही स्क्रीनशॉट घ्या. पुढच्या अपडेटमध्ये ती मांडणी बदलली, तर हा पुरावा पुन्हा मिळणार नाही.

कायद्याच्या बाबतीत आपल्याला भलती आशा लावणे बरे नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २२ नुसार केवळ एका पक्षाची वस्तुस्थितीबाबत चूक झाली, एवढ्याच कारणाने करार रद्द करता येत नाही. परंतु त्याच कायद्याचे कलम १३ म्हणते की दोन व्यक्तींनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. आणि कलम ७२ नुसार चुकीने दिले गेलेले पैसे घेणाऱ्याने परत केले पाहिजेत. म्हणून ‘घेतल्यावर पश्चात्ताप झाला’ असा सूर पत्रात कुठेही उमटू देऊ नका. पश्चात्तापाला कायदा पैसे देत नाही.

आपल्याला अधिक उपयोगी पडतील ते ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०. ग्राहकाची संमती त्याच्या स्पष्ट आणि होकारार्थी कृतीतूनच नोंदवावी, आधीच खूण केलेल्या चौकटीसारख्या मार्गाने ती आपोआप नोंदवू नये, असे हे नियम सांगतात, आणि डिजिटल उत्पादनेही त्यांच्या कक्षेत येतात. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एक महिन्यात ती निकाली काढावी, हे बंधनही त्यांतलेच. त्यांच्या जोडीला, ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने डार्क पॅटर्नविषयीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाला गोंधळात पाडणाऱ्या तेरा प्रकारांची नावे त्यांत दिली आहेत आणि पडद्याची मांडणी अशी करणे की ग्राहकाचे बोट त्याला नको असलेल्या गोष्टीकडे जावे, हा त्यांपैकी एक प्रकार आहे. रोजच्या बटणाच्या जागी विक्रीचे बटण येणे या वर्णनाच्या बरेच जवळ जाते, असे माझे मत आहे. ग्राहक आयोगाचे मत पुराव्यावर ठरेल.

पत्र लांबवू नका. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि ईमेल ॲपच्या अटींच्या पानावर तळाशी दिलेले असते. साधारण असा मजकूर पुरेल : ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, एसी चालू करण्यासाठी ॲप उघडले असता त्याच जागी दाखवलेल्या अपग्रेडची खरेदी माझ्याकडून अनवधानाने नोंदली गेली. ही सुविधा विकत घेण्यास मी संमती दिलेली नाही. ती मी वापरलेली नाही व यापुढे वापरणार नाही. कृपया ती दुरून बंद करावी आणि जीएसटीसह संपूर्ण रक्कम त्याच कार्डावर परत करून क्रेडिट नोट पाठवावी.’ ‘जीएसटीसह’ हा शब्द गाळू नका. मूळ किंमत परत करायची आणि कर ‘भरून झाला’ म्हणून ठेवून घ्यायचा, असे उत्तर येऊ शकते. पण खरेदी रद्द झाल्यावर विक्रेत्याने क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढून कराचा हिशेब दुरुस्त करण्याची सोय कायद्यातच आहे.

कंपनीने परताव्याचे ४८ तास किंवा आणखी काही मुदत ठेवली असेल आणि ती टळून गेली असेल, तरीही पत्र पाठवाच. बुधवारी आपण सर्व्हिस सेंटरमध्ये गेला होतात, म्हणजे मुदतीच्या आत आपण तोंडी का होईना कळवले होते; त्या भेटीची वेळ आणि जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटरची नोंदीची पावती) मिळाले असल्यास त्याचा क्रमांक पत्रात घाला. दरम्यान कार्डाचे बिल थांबवू नका, कारण वाद चालू असतानाही व्याज चढत राहते. कंपनीने परतावा लेखी मान्य करूनही पैसे आले नाहीत, तर मात्र बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत विक्रेत्याकडून परत मिळवणे, मागा. त्या वेळी आपली बाजू भक्कम असते, कारण तेव्हा आपण फसवणुकीचा दावा करत नसता. कबूल केलेली रक्कम आली नाही, एवढेच सांगत असता.

महिनाभरात उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ या क्रमांकावर कळवा. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मुलुंड हे मुंबई उपनगर जिल्ह्यात येत असल्याने आपला आयोग वांद्रे पूर्वेचा. कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात असले तरी आपण राहता किंवा नोकरी करता त्या ठिकाणी तक्रार दाखल करण्याची मुभा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने दिली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या करता येते. मसुदा करताना आधार हवा असेल, तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात.

प्रश्न : मी बाहेर भाजी घेत होते, तेवढ्यात गाडीत बसलेल्या माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने गाडीच्या पडद्यावरून ३८,००० रुपयांचे मनोरंजन आणि नकाशांचे पॅकेज घेतले. पिन तिला ठाऊक होता. कंपनी म्हणते, ‘खाते तुमचे, पिन तुमचा, जबाबदारी तुमची.’
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : अज्ञान (म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेली) व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, हे करार कायद्याच्या कलम ११ मध्ये आहे; तिने केलेला करार मुळातच शून्य ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात स्पष्ट केले. कंपनीचा युक्तिवाद असा असतो की करार मुलीशी नव्हताच, तो आपल्याशी होता. पिन आपण सांगितला असेल तर तो युक्तिवाद वजनदार आहे. तिने शेजारी बसून नुसता पाहून ठेवला असेल तर तो बराच हलका होतो. म्हणून नेमके काय घडले ते तिला न रागावता विचारा आणि तेच लिहा.

अमेरिकेत २०१४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेबरोबरच्या तडजोडीत मुलांनी पालकांच्या संमतीविना केलेल्या ॲपमधल्या खरेदीपोटी ॲपलने किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गूगलने किमान १.९ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. ॲपलच्या प्रकरणात, एकदा पासवर्ड टाकल्यावर पंधरा मिनिटे तो पुन्हा विचारला जात नव्हता, हा वादाचा एक मोठा मुद्दा होता. या तडजोडी आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण त्यामागचा प्रश्न आपल्यालाही विचारता येतो : प्रत्येक खरेदीला नव्याने पिन मागितला गेला का, की सकाळी गाडी उघडताना टाकलेलाच पिन चालला?

बँकेच्या संदेशात पैसे कोणाला गेले, तेही पाहा. गूगल प्ले किंवा ॲप स्टोअरचे नाव असेल तर परतावा गाडीच्या कंपनीकडे न मागता तिथे मागायचा असतो. गूगल प्लेवर त्यासाठी पहिले ४८ तास महत्त्वाचे असतात; त्यानंतर बहुतेकदा ॲप बनवणाऱ्याकडे जावे लागते.

प्रश्न : गाडीसोबत एक वर्ष मोफत मिळालेली ‘कनेक्टेड’ सेवा संपल्यावर दरमहा १,४९९ रुपये आपोआप वजा होऊ लागले आहेत. मी कधी होकार दिला, ते आठवत नाही.
— एक वाचक, दादर

उत्तर : आपोआप वजावटीसाठी सुरुवातीला एकदा ओटीपीने दिलेली मंजुरी लागते आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रत्येक वजावटीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते. पंधरा हजारांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना पुन्हा ओटीपी विचारला जात नाही, म्हणून ते लक्षात येत नाहीत. गाडी घेताना शोरूममध्ये ॲप चालू करून देणाऱ्या माणसाने आपला फोन हातात घेतला होता का, ते आठवून पाहा. पुष्कळदा मंजुरी तिथेच गेलेली असते. पूर्वसूचना आलेल्या नसतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. वजावटीची मंजुरी बँकेच्या ॲपमधून आजच रद्द करता येईल. पण तेवढ्याने वर्गणी रद्द होत नाही. गाडीच्या ॲपमध्ये जाऊन ती वेगळी रद्द करा आणि त्याचा आलेला ईमेल जपून ठेवा.