नॅनोसायन्सची डिग्री की आधी केमिस्ट्री?

पत्र: आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. लेक बारावीला आहे, पीसीबी घेतलंय. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिने तुळशीच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण) तयार केले आणि बक्षीस मिळवलं. अशा कणांनी कॅन्सर बरा होतो असं तिने वाचलंय. माझ्या सासूबाईंची ब्रेस्ट कॅन्सरची केमो चालू आहे, त्यामुळे तिने ते फारच मनावर घेतलंय. एका खासगी विद्यापीठात नॅनोसायन्सची डिग्री आहे, तिथेच जायचं म्हणते. तिचे बाबा म्हणतात, गुपचूप बी.फार्म. कर. – एक आई

नमस्कार ताई,

आधी सासूबाईंचं, कारण ते जास्त तातडीचं आहे. प्रदर्शनातलं ते द्रावण घरात कुणाच्याही पोटात जाता कामा नये. त्यात न वापरलं गेलेलं सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे ज्यापासून कण केले तो चांदीचा क्षार, उरलेलं असू शकतं, आणि चांदी शरीरात साठत जाते. साधा काढासुद्धा केमो चालू असताना डॉक्टरांना विचारूनच द्या. वनस्पतींपासून बनवलेला धातूचा एकही नॅनोकण आजवर कॅन्सरचं मान्यताप्राप्त औषध झालेला नाही. हे लेकीला तुम्हीच सांगा, आणि आजीच्या देखत नको.

आता लेकीबद्दल. तिने केलं ते खोटं नाही. पानांच्या फिकट काढ्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं की काही वेळात रंग पिवळा, मग तपकिरी होतो. काढ्यातले फिनॉलसारखे पदार्थ चांदीच्या आयनांना (विद्युतभारित अणूंना) इलेक्ट्रॉन देतात, कण तयार होतात आणि काढ्यातलेच काही रेणू त्यांना चिकटून एकमेकांपासून दूर ठेवतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली सास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या काढ्यातून सोन्या-चांदीचे कण आणि गवती चहापासून सोन्याचे त्रिकोणी कण केले, ते 2004 साली प्रसिद्ध झालं. त्यानंतर मागच्या अंगणातलं एकही झाड कुणी सोडलेलं नाही. कण करणं सोपं आहे, म्हणूनच त्यावर पेपर उदंड आहेत.

खरी परीक्षा पुढे सुरू होते. पावसाळ्यातली तुळस आणि उन्हाळ्यातली तुळस वेगळी, म्हणून कणही वेगळे. दोनदा एकसारखा माल निघत नसेल तर औषध कसं करणार? पेशींवरची चाचणी बघा. 96 खाचांच्या प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशी वाढवतात, कण घालतात, मग एमटीटी नावाचा पिवळा रंग. जिवंत पेशी त्याला जांभळा करतात, म्हणजे जांभळं कमी तितक्या पेशी मेल्या. पण वनस्पतीचा अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतो! पेशी नसलेली खाच शेजारी ठेवलीच नसेल तर ते आकडे कशाला धरायचे? शिवाय निरोगी पेशींचं काय झालं, हेही बघावं लागतं, कारण प्लेटमधल्या पेशी चांदी काय, बऱ्याच गोष्टींनी मरतात. शरीरात तर आणखी अवघड: शिरेतून दिलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहाच गिळतात. दहा वर्षांतल्या प्रयोगांचा 2016 साली आढावा घेतला तेव्हा दिलेल्या डोसपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्या नॅनोकणांचं मधलं प्रमाण (मीडियन) फक्त 0.7 टक्के निघालं.

मग हा नाद सोडायचा? मुळीच नाही. 1995 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं डॉक्सिल हे नॅनो आकाराच्या मेदाच्या पिशवीत भरलेलं केमोचं औषधच आहे. क्षेत्र खरं आहे, पण तिथे कण 'करणारी' माणसं भरपूर आणि तो मोजणारी, तपासणारी कमी. ते यायला केमिस्ट्री, पेशीविज्ञान आणि आकडेमोड पक्की लागते. बारावीनंतर लगेच घेतलेली नॅनोसायन्सची डिग्री मला यासाठीच पटत नाही. तिन्हीचं थोडं-थोडं येतं, आणि पुढे एम.एस्सी.ला केमिस्ट्रीवाले विचारतात, तुझा मूळ विषय कोणता?

बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बी.फार्म. वाईट नाही, औषध रुग्णापर्यंत कसं जातं ते तिथेच शिकायला मिळतं, आणि संशोधन नकोसं झालं तरी नोकरीची दारं उघडी राहतात. फक्त "गुपचूप कर" म्हणू नका. तिचा जीव प्रयोगशाळेत असेल तर भोपाळच्या आयसरची (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थेची) प्रवेश परीक्षा द्यायला लावा. पीसीबीवाल्यांना ती देता येते, मात्र पेपरात गणितही असतं, तेव्हा आतापासून सराव हवा. नाही जमलं तर केमिस्ट्री घेऊन साधी बी.एस्सी. आणि पुढे जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. पीएच.डी. मात्र धरूनच चाला. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पंचविशीनंतर तुमच्यावर भार नाही. तोपर्यंत आहे, ते आत्ताच मान्य करा. कॅन्सरच्याच संशोधनात शिरायचं तर नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक नजरेसमोर असू द्या.

आणि इंदूरकरांना घरच्या अंगणाची किंमत नसते, ती असू द्या. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएईचं (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभागाचं) संशोधन केंद्र आहे, आरआर कॅट या अणुऊर्जा विभागाच्या प्रयोगशाळेत इंडस-2 सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र, आहे. कण नेमका कसा आहे हे बघायला देशभरातून संशोधक इथे येतात.

खासगी विद्यापीठाचा फॉर्म भरण्याआधी लेकीला घेऊन तिथली लॅब बघून या. पेशी वाढवायची खोली दाखवा म्हणा, आणि तिथे बी.एस्सी.ची मुलं स्वतः काम करतात का, ते एखाद्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा. खोलीला कुलूप दिसलं तर फी भरू नका.